संभाजीनगरचं शनिवारचं ब्राझिलियन ताट: खाऊन आले, सविस्तर लिहिते

मराठवाड्यात ब्राझीलचं नाव निघतं ते भाव पडल्यावर. सोयाबीन उतरलं की लातूरच्या अडतीवर कुणीतरी म्हणणारच, तिकडं ब्राझीलचं पीक लई आलंय, आणि साखरेचं पण तेच. बाकी मग फुटबॉल, पिवळा टीशर्ट, वर्ल्डकपच्या टायमाला रात्रीची जागरणं. पण ती माणसं जेवतात काय, सणावाराला करतात काय, हे आपल्याला कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून छत्रपती संभाजीनगरात सिडको भागात एका घरी शनिवारी दुपारी ब्राझिलियन ताट मिळतं असं कळलं तेव्हा लगेच बुकिंग केलं. मी, नवरा, सातवीतली पोरगी आणि औशाहून कामासाठी आलेले माझे काका, असे चौघं गेलो.

निकाल आधीच सांगते म्हणजे ज्यांना तेवढंच पाहिजे त्यांचं काम होईल. जा, नक्की जा. तीन पदार्थ असे आहेत की त्यांच्यासाठी मी परत जाणारे, दोन पदार्थ सुधारायला पाहिजेत, आणि वाढायला लागणारा वेळ तर फारच सुधारायला पाहिजे. ताट ८५० रुपये, लहान मुलांचं ४५०. आपल्याकडच्या हिशोबानं स्वस्त नाही, पण जे मिळतं ते या भागात दुसरीकडं कुठं मिळत नाही.

करणाऱ्या ताई मूळच्या उदगीरच्या, नवऱ्याच्या नोकरीमुळं बरीच वर्षं साओ पावलोत राहिल्या, तिथल्या शेजारणींकडून स्वयंपाक शिकल्या, आता इकडं परत आल्यावर आठवड्यातून एकदा पंधरा-वीस माणसांचं जेवण करतात. हॉटेल नाही, घराचा हॉलच आहे, तीन टेबलं, एक कूलर. प्रत्येक पदार्थ वाढताना ताई दोन मिनिटं थांबून तो कुठून आला ते सांगतात. मला सगळ्यात जास्त हेच आवडलं आणि माझं त्यांच्याशी थोडं वाजलं तेही याच्यावरूनच, ते पुढं येईल.

सुरुवातीला आलं पाओ दे केजो. लिंबाएवढे गोल, वरून हलके तडकलेले, आतून पोकळ आणि चिवट ओले, चीजचे गोळे. हे मिनास जेराइस या राज्याचं. खाणींचा डोंगराळ मुलूख, अठराव्या शतकात तिथं सोन्यासाठी झुंबड उडाली होती, गहू दुर्मिळ, मग ब्रेडच्या जागी कसाव्याच्या कंदाचा स्टार्च आला. कसावा म्हणजे ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो तोच कंद. तमिळनाडूत सेलमकडं त्याच्या कंदाचं दूध काढून, गोळ्या वळून, भाजून साबुदाणा करतात आणि तो पोत्यांनी आपल्याकडं येतो. काका पहिला घास खाऊन थांबले आणि म्हणाले, "काय गं, हे तर आपल्या उपासाचंच हाय की." ताई म्हणाल्या हो काका, तेच आहे. आणि पुढं त्यांनी जे सांगितलं ते मी घरी येऊन सासूबाईंना जसंच्या तसं सांगितलं: साबुदाणा दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, मिरची अमेरिका खंडातली, बटाटा अँडीज पर्वतातला. म्हणजे एकादशीची खिचडी, जी आपल्याकडं सगळ्यात सोवळ्यातली, तिच्यात तूप, जिरं आणि मीठ सोडलं तर बाकी सगळं समुद्रापलीकडचं. विठ्ठलाला चालतं ते. काकांना हे लई आवडलं, त्यांनी ते तिथंच दोनदा म्हणून घेतलं.

स्टार्चमधे पण दोन प्रकार असतात, गोड आणि आंबट. आंबट म्हणजे पाण्याखाली बरेच दिवस आंबवून मग उन्हात वाळवलेला, आणि पाओ दे केजो फुगतो तो त्या आंबट स्टार्चमुळं. तो इथं विकत मिळत नाही म्हणून ताई घरीच करतात. सेलमचा स्टार्च आणून पाण्यात ठेवायचा, वरचं पाणी बदलायचं, वास आंबट यायला लागला की गच्चीवर पसरायचा. आपण कुरडयांचा गहू भिजवून चीक काढतो त्यातलीच रीत आहे, आणि एप्रिलच्या मराठवाड्याच्या उन्हापुढं वाळवायची काय चिंता. मी परवानगी काढून स्वयंपाकघरात जाऊन बघितलं. दूध आणि तेल उकळतं करून ते पांढऱ्या स्टार्चवर ओततात, चमच्यानं हलवताना ते आधी गुठळ्या गुठळ्यांचं होतं, मग चकचकीत चिकट गोळा, थंड झाल्यावर अंडं आणि किसलेलं चीज. अंडं आहे हे लक्षात ठेवा, उपासाला किंवा पक्क्या शाकाहारी माणसाला चालणार नाही, आणि हे त्यांनी मेनूत स्पष्ट लिहायला पाहिजे, आमच्या शेजारच्या टेबलवरच्या काकूंना ते खाल्ल्यावर कळलं, ते बरोबर नाही झालं.

चीजबद्दल माझी तक्रार आहे. मिनासचं चीज हा तिकडं मोठा अभिमानाचा विषय, कच्च्या दुधाचं चीज करायची तिथली पारंपरिक पद्धत २०२४ मधे युनेस्कोच्या यादीत गेली. ते इथं मिळणार नाही हे मान्य, पण त्याच्या जागी ताई दाबलेलं घरचं पनीर आणि पिझ्झावर घालतात ते चीज असं मिसळतात आणि त्या दुसऱ्या चीजचीच चव वर येते. मीठ लावून दोन दिवस ठेवलेलं पनीर एकटंच वापरून बघायला पाहिजे, मी तसं बोलले त्यांना.

फारोफा नावाचा प्रकार ताटात एका बाजूला असतो, दिसायला भाजलेला जाड रवा, आणि पहिल्यांदा बघणारा माणूस तो सोडून देतो. सोडू नका. कसाव्याचं पीठ लोण्यात कांद्याबरोबर कुरकुरीत परतलेलं असतं, रस्सा असलेल्या कशावरही भुरभुरायचं. या पिठामागं जी अक्कल आहे ती तिथल्या मूळ आदिवासींची. कडू कसाव्यात विष असतं, तसाच खाल्ला तर माणूस दगावू शकतो. तुपी आणि इतर जमातींनी कंद किसून, वेताच्या विणलेल्या लांब नळीत भरून, नळी टांगून खालून ताणून विषारी रस पिळून काढायचा आणि राहिलेला चोथा मोठ्या तव्यावर भाजायचा ही पद्धत बसवली. त्या नळीला तिपिती म्हणतात. ताईंकडं एक छोटी तिपिती भिंतीवर आहे, पोरीनं ती ताणून बघितली, आखडते आणि लांबते. पिळून निघालेला रस पण टाकत नाहीत, तो खूप वेळ उकळला की विष जातं आणि त्याचा पिवळा आंबटसर तुकुपी होतो, तिकडं बेलें शहरात त्यात बदक शिजवतात, ऑक्टोबरातल्या सिरिओ दे नाझारे या मेरीमातेच्या मोठ्या यात्रेला घराघरात हाच बेत. यात्रा कॅथलिक, रस्सा आदिवासी. पोर्तुगीज आले तेव्हा गहू तिथं नीट येईना, मग हेच पीठ खाऊन ते जगले, जहाजांवर पण हेच भरायचे. जमीन ज्यांची गेली त्यांचंच पीठ आजही त्या देशाच्या प्रत्येक ताटात आहे.

आता अकाराजे. यासाठी मी परत जाणारे. चवळी भिजवून तिची सालं हातानं चोळून काढतात, एकूण एक दाण्याचं साल, काळा डोळा पण राहू द्यायचा नाही, मग कांदा घालून वाटून लाकडी चमच्यानं इतकं फेसतात की पीठ पांढरं हलकं होतं, आणि मोठ्या चमच्यानं तेलात सोडतात. बाहेरून कडक लाल, आतून मऊ. मधून चिरून त्यात वातापा भरतात, म्हणजे ब्रेड, नारळाचं दूध, शेंगदाणे, काजू आणि सुकी कोळंबी यांची घट्ट पेस्ट, वर भेंडीचं कारुरू आणि मिरचीचा ठेचा. मिरची पाहिजे का असं ताई विचारतात, आपल्या माणसानं हो म्हणावं, काहीच होत नाही.

हा पदार्थ पश्चिम आफ्रिकेतला, योरुबा लोकांचा. ब्राझीलमधे तीनशेपेक्षा जास्त वर्षं आफ्रिकेतून माणसं पकडून, साखळ्या घालून आणली गेली, सुमारे ४८ लाख जिवंत पोचली, जगात इतकी दुसऱ्या कुठल्याच देशात नेली नाहीत. आणली कशाला, तर आधी उसाच्या मळ्यात आणि साखरेच्या घाण्यावर, मग खाणीत, मग कॉफीत. गुलामी कायद्यानं बंद झाली १३ मे १८८८ ला, सगळ्या अमेरिका खंडात सगळ्यात शेवटी. त्या माणसांना सोबत काही आणता आलं नव्हतं, पण देव आणि स्वयंपाक डोक्यात होते. बाहिया राज्यात, साल्वाडोर शहरात त्यातून कांदोंब्ले हा धर्म उभा राहिला, त्यात प्रत्येक देवतेचं जेवण ठरलेलं, आणि अकाराजे हा वाऱ्यावादळाच्या देवीचा, इयान्सांचा नैवेद्य. गुलाम बायका डोक्यावर टोपली घेऊन रस्त्यावर हे विकायच्या, कमाईतला मोठा वाटा मालकाला द्यावा लागायचा, उरलेलं साठवून काहींनी स्वतःची सुटका विकत घेतली. आजही साल्वाडोरच्या चौकात पांढरा घेरदार झगा, डोक्याला फडकं, गळ्यात मण्यांच्या माळा अशा बायका अकाराजे तळत बसतात, आणि २००५ मधे ब्राझील सरकारच्या वारसा संस्थेनं त्यांच्या या धंद्यालाच राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदवलं. पदार्थाला नाही, त्या बायकांच्या कामाला, हे मला फार मोठं वाटतं. २०१४ च्या फुटबॉल वर्ल्डकपला स्टेडियमच्या आसपास बाहेरच्या विक्रीवर बंधनं येणार होती, तेव्हा या बायकांनी आंदोलन करून आपली जागा मिळवली.

काहींना वाटेल आपला आफ्रिकेशी काय संबंध. बाबांनो, ज्या गावात बसून आपण हे ताट जेवलो ते गाव वसवलं मलिक अंबरनं, १६१० मधे, खडकी नावानं. इथिओपियातला माणूस, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, निजामशाहीचा कारभारी झाला, शहराला पाण्याची नहर आणली. आणि इथला नान-खलिया तरी कुठं एका घरचाय, तुघलकानं दिल्लीची राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा फौजेबरोबर तो आला असं सगळे सांगतात. मिसळलेलं जेवण आपल्याला नवीन नाही, आपण फक्त त्याची चौकशी करत नाही.

तेलाचं एक सांगायचं राहिलं. अकाराजे तळतात देंदे तेलात, म्हणजे आफ्रिकन पाम फळाचं न गाळलेलं, केशरी-लाल तेल. आपलं किराणा दुकानातलं पामतेल त्याच झाडाचं, पण रंग, वास सगळं काढून टाकलेलं. देंदेचा वास जड असतो, गाजर आणि भाजलेल्या सुक्या मेव्याच्या मधला काहीतरी. ताईंना ते मुंबईहून छोट्या बाटल्यांत मागवावं लागतं, महाग पडतं, म्हणून त्या साध्या तेलात तळून त्यात देंदे थोडं मिसळतात आणि हे स्वतःहून सांगतात. सांगितलं हे चांगलं केलं. तरी माझं म्हणणं, शंभर रुपये जास्त घ्या पण एक दिवस पूर्ण देंदेत तळा, येणारे येतील.

कारुरूची भेंडी पण आफ्रिकेतूनच आलेली. ताईंनी सांगितलं, २७ सप्टेंबरला साल्वाडोरकडं घरोघरी मोठं पातेलं भरून कारुरू करतात, कोस्मे आणि दामियाव या जुळ्या ख्रिस्ती संतांच्या नावानं, पण त्या संतांच्या आड आफ्रिकन जुळे बालदेव, इबेजी, आहेत. आधी सात लहान मुलांना बसवून जेवू घालायचं, मग बाकीच्यांनी. हे ऐकून माझ्या पोरीनं विचारलं, "आपण नवरात्रात कुमारिका जेवू घालतो तसं?" ताई म्हणाल्या तसंच. मालकाला चर्चमधला संत दिसावा आणि आपल्याला आपला देव, ही त्या लोकांनी काढलेली वाट होती. आता तो सण दोघांचा झालाय, ज्याचा त्यानं आपापला देव धरावा.

इथंच माझं ताईंशी वाजलं. त्यांच्या व्हॉट्सअपच्या मेनूवर वर मोठ्या अक्षरात "ब्राझिलियन फ्युजन" लिहिलंय. मी म्हणलं ताई, हा शब्द काढा. फ्युजन म्हणजे एखादा शेफ बसून हे घेऊ ते घेऊ करतो ते. इथं एकाची जमीन गेली, दुसऱ्याला जहाजाच्या तळात कोंबून आणलं, तिसरा मालक होता, आणि तिघांचं एका चुलीवर आलं कारण चुलीशी काम करणारी बाई बहुतेक वेळा गुलाम होती. चव त्या बाईच्या हातची आहे. ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं, म्हणाल्या लोकांना पटकन कळावं म्हणून लिहिलं. त्यांचीही बाजू आहे, धंदा करायचाय. पण ज्या बाईला प्रत्येक पदार्थाची एवढी माहिती आहे तिच्या मेनूवर तो शब्द शोभत नाही, असं माझं अजूनही मत आहे.

दुसरा वाद फेजुआदावरून. हा ब्राझीलचा राष्ट्रीय पदार्थ म्हणतात तो, काळा घेवडा आणि खारवलेलं, धुरी दिलेलं डुकराचं मांस तासन्तास शिजवलेलं, सोबत भात, बारीक चिरून परतलेली हिरवी पालेभाजी, फारोफा आणि संत्र्याच्या फोडी. साओ पावलोत बुधवार आणि शनिवारचा बेत, म्हणूनच ताईंनी पण शनिवार धरलाय. ताई सांगतात की मालकांनी टाकून दिलेले कान, पाय, शेपटी गुलामांनी घेवड्यात शिजवले आणि फेजुआदा झाला. ब्राझीलमधे शाळेपासून हीच गोष्ट सांगतात, पण तिथले इतिहासकार ती मानत नाहीत. डुकराचे कान-पाय युरोपात आवडीनं खायचे, ते फेकण्यातले नव्हतेच, आणि घेवडा-मांसाचा असा रस्सा पोर्तुगालात आधीपासून आहे. गुलामांच्या वाट्याला खरोखर काय यायचं, तर कसाव्याचं पीठ, मका, घेवडा, कधी सुकवलेलं मांस, ते पण मोजून. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बीडच्या माणसाला विचारा, उसात राबणाऱ्याच्या जेवणात मांसाचं पातेलं कधी असतं का. तेव्हा ही गोष्ट गोड वाटते, पण तिच्यात उपासमार झाकली जाते आणि म्हणून ती सांगू नये असं मला वाटतं. ताट मात्र खरंच सगळ्यांचं आहे, घेवडा अमेरिकेतला, पीठ आदिवासींचं, पालेभाजी पोर्तुगालची, संत्रं आशियातून पोर्तुगीजांनी नेलेलं.

चवीचं बोलायचं तर इथला फेजुआदा मला मध्यम वाटला. डुकराचं मांस आधी सांगितलं तरच करतात, आम्ही मटणाचा घेतला. मटण मऊ होतं, घेवडा छान दाट, पण खारवलेल्या, धुरी दिलेल्या मांसाचा जो पाया लागतो तो नव्हता, त्यामुळं सगळं थोडं सपाट. कोळशाची धुरी देता आली असती, आपल्याकडं डाळीला देतात की. शाकाहारी फेजुआदा मात्र घेऊ नका. त्यात सोया चंक्स टाकलेत, ते रबरासारखे राहतात आणि पाणी सोडतात. त्यापेक्षा नुसता घेवडा, लसूण आणि तमालपत्र घालून दिला असता तर ब्राझीलमधल्या रोजच्या घरच्या जेवणाच्या जास्त जवळ गेला असता, तिथं रोज भात आणि घेवडाच खातात लोक.

मोकेका म्हणजे माशाचा रस्सा, मातीच्या भांड्यात, नारळाचं दूध, टोमॅटो, ढोबळी मिरची, कोथिंबीर आणि शेवटी देंदे. हा बाहियाचा. शेजारच्या एस्पिरितो सांतो राज्यातली माणसं नारळ आणि देंदे दोन्ही घालत नाहीत, आणि खरी मोकेका आमचीच, बाकी सगळे नुसते माशाचे रस्से असं छातीठोकपणे सांगतात. तिथं वितोरिया शहरात गोयाबेइरास वस्तीतल्या बायका काळी भांडी करतात, चाकाशिवाय हातानं, उघड्यावर भाजून, तापलेली असतानाच खारफुटीच्या सालीचा काढा केरसुणीनं शिंपडतात तेव्हा तो काळा रंग चढतो. ही रीत आदिवासींकडून आलेली, आणि २००२ मधे वारसा संस्थेच्या नोंदीत पहिलं नाव या बायकांच्या कामाचं लागलं. ताईंची भांडी पैठणकडच्या कुंभाराची आहेत, लाल, पण काम चोख करतात, टेबलवर आल्यावर पण रस्सा खदखदत होता. मासा जायकवाडीचा रोहू. ताजा होता, चव एकदम मस्त, पण काटे काटे काटे. पोरीला खाताच येईना. मोठ्या काट्याचा समुद्राचा मासा आणा नाहीतर कोळंबी द्या.

पस्तेलवर जास्त लिहीत नाही, तळलेलं पातळ चौकोनी पाकीट, आत चीज किंवा खिमा, चांगलं होतं, गरम होतं. पण त्याच्यासोबत उसाचा रस देतात हे बघून आम्ही सगळेच खूश. साओ पावलोच्या आठवडी बाजारात हीच जोडी, पस्तेल आणि उसाचा रस, लिंबू पिळून. आपल्याकडं रसवंतीवर खायला काही ठेवत नाहीत, ठेवायला पाहिजे. पस्तेल तिकडं चिनी आणि जपानी लोकांनी रुजवला. गुलामी संपल्यावर कॉफीच्या मळ्यांना मजूर पाहिजे होते, आधी इटालियन आले, मग १९०८ मधे कासातो मारू जहाजातून ७८१ जपानी सांतोस बंदरात उतरले, आणि आज जपानबाहेर जपानी वंशाची सगळ्यात जास्त माणसं ब्राझीलमधे आहेत. लेबनॉन-सीरियाची माणसं आली, त्यांचे किबे म्हणजे खिम्याचे तळलेले गोळे आणि एस्फिहा म्हणजे वर खिमा घालून भाजलेल्या छोट्या रोट्या आता तिकडच्या कुठल्याही कोपऱ्यावरच्या टपरीत मिळतात.

गोडात किंदिम घ्या, अंड्याचा बलक, साखर आणि खोबरं, वरून आरशासारखं चकचकीत. पोर्तुगालच्या ननांच्या मठातली बलकाची मिठाई, तिथं बदाम घालायचे, ब्राझीलमधे बदामाच्या जागी खोबरं आलं. ब्रिगादेरो म्हणजे कंडेन्स्ड मिल्क आणि कोकोचे लाडू, पोरांना आवडतात, मला एकाच्या वर जाईना.

जेवण झाल्यावर काका आणि ताई बोलत बसले ते वेगळंच. काकांच्या दावणीला देवणी आहेत. ताईंनी विचारलं, ब्राझीलमधे कुठल्या गाई आहेत माहितीय का? ओंगोल, गीर, कांकरेज, सगळ्या आपल्याकडून जहाजानं नेलेल्या, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ते १९६२ पर्यंत. ओंगोलला तिकडं नेलोरे म्हणतात आणि तिथल्या मांसाच्या जनावरांत तीच सगळ्यात जास्त. गीर आणि होल्स्टीनच्या संकरातून जिरोलांडो तयार केली, ती दुधाला. मिनास जेराइसमधलं उबेराबा गाव म्हणजे या वशिंडाच्या गाईंचं माहेरघर, मोठं प्रदर्शन भरतं. काका कितीतरी वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हंजी त्यांच्या चीजमधी आपल्या गीरचं दूध हाय." आणि मग त्यांनी तिथले भाव, चारा, वळू, कालवडी असं एकेक विचारायला सुरुवात केली, ताईंना जेवढं माहिती होतं तेवढं त्यांनी सांगितलं.

देवघेव दोन्हीकडून झाली आणि तीही पहिल्यापासून. १५०० साली काब्राल नावाचा पोर्तुगीज दर्यावर्दी १३ जहाजं घेऊन लिस्बनहून निघाला तो कालिकतला यायला, वाटेत एप्रिलमधे बाहियाचा किनारा लागला, तिथं थोडे दिवस थांबून पुढं निघाला आणि सप्टेंबरात कालिकतला पोचला. त्याच्यानंतर त्याच वाटेनं काजू, पेरू, अननस, पपई इकडं आले, आंबा, फणस तिकडं गेले. फणस तर तिकडं इतका माजला की रिओच्या तिजुका जंगलात तो उपद्रवी झाड झालाय.

आता कामाचं. बुकिंग गुरुवारपर्यंत व्हॉट्सअपवर, अर्धे पैसे आधी. वेळ १२ ची सांगतात पण आम्हाला पहिला पदार्थ मिळायला पाऊण तास लागला आणि दोन पदार्थांच्या मधे पण बराच खंड पडला, लहान लेकरं आणि शुगरची माणसं असतील तर घरून थोडं खाऊन जा. स्वयंपाक करणारे दोनच हात आहेत हे दिसतं, तरी माणसं कमी घ्या पण वेळेवर वाढा असं मी त्यांना बोलले. गाडी लावायला गल्लीतच जागा. दारू मिळत नाही, काशासा वगैरे विचारू नका, लिंबाचं सरबत छान आहे. शाकाहारींसाठी पाओ दे केजो अंड्याशिवायचा मागून घ्या, आधी सांगितलं तर करतात, आणि कारुरू, अकाराजे कोळंबीशिवाय पण करून देतात. मे महिन्यात कूलर पुरत नाही.

तिकडं जूनमधे साव जोआव वगैरे संतांचे सण असतात, शेकोट्या पेटवून, मक्याचे पदार्थ करून, कारण त्यांचा मका तेव्हा निघतो. आपला जून पेरणीचा, कणसं येतात पुढं श्रावण-भादव्यात. म्हणून ताईंनी मक्याचं ताट तेव्हा ठेवायचं ठरवलंय, कोवळा मका किसून त्याच्याच पानात बांधून उकडलेला पामोन्या, आणि पांढऱ्या मक्याची नारळाच्या दुधातली खीर. काकांनी कणसं औशाहून पाठवायचं कबूल केलंय, भावाचं अजून ठरायचंय.